मानेत कळ, मग एका बाजूचे हातपाय गळाले: मणक्यातला रक्तस्राव ‘पॅरालिसिस’ समजला जाऊ नये म्हणून काय करायचं, कोणत्या क्रमानं

एका बाजूचे हातपाय गळाले की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘पॅरालिसिसचा अटॅक आला.’ बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण क्वचित कुणाच्या बाबतीत बिघाड मेंदूत नसतो, मानेच्या मणक्यांच्या आत असतो. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर रक्त साचतं, ते एका बाजूनं मज्जारज्जूला दाबतं आणि त्याच बाजूचा हात-पाय लुळा पडतो. बघणाऱ्याला हुबेहूब लकवा वाटतो.

आजार विरळा आहे, दहा लाख लोकांत वर्षाला साधारण एखाद्याला होणारा. तरी एवढं लिहायचं कारण असं की दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलटे आहेत. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मणक्यात रक्त साचत असताना तेच इंजेक्शन गेलं तर रक्तस्राव वाढतो आणि एका बाजूवर असलेला त्रास दोन्ही बाजूंवर जाऊ शकतो. हॉस्पिटलात पोचल्यावर हा निर्णय तासाभरात, बरेचदा त्याहून लवकर होतो. त्या तासात डॉक्टरांच्या हाती काय माहिती आहे, हे बरंचसं नातेवाईकांवर अवलंबून असतं.

खालचे टप्पे घरी बसून निदान करण्यासाठी नाहीत. योग्य माहिती योग्य वेळी योग्य माणसाच्या कानावर जावी, एवढ्यासाठी आहेत.

## १. आधीची तयारी

पुढच्यांपैकी कुणी घरात असेल तर ही तयारी आजच करून ठेवा: हृदयाची झडप बदललेली, ठोके अनियमित पडतात म्हणून किंवा पायात गुठळी झाली म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू असलेली, प्लेटलेट कमी असलेली किंवा हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेली व्यक्ती. कंबरेत सुई घालून भूल दिली असेल किंवा मणक्यात इंजेक्शन घेतलं असेल, तर त्यानंतरचे काही दिवसही याच यादीत धरा. (यातलं काहीही नसलेल्या माणसालाही हा रक्तस्राव होतो. जोराची शिंक, खोकल्याची उबळ, जड वजन उचलणं, शौचाला जोर करणं एवढं निमित्त पुरतं. कधी तेही सापडत नाही.)

एक चिठ्ठी करा आणि तिचा फोटो घरातल्या निदान दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. चिठ्ठीत गोळीचं नाव, डोस, रोज घ्यायची वेळ, ती कशासाठी चालू आहे आणि वॉरफरिन किंवा तशीच गोळी अ‍ॅसिट्रॉम असेल तर शेवटचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तारखेसह लिहा. ‘रक्त पातळ करायची गोळी’ एवढं सांगून भागत नाही. वॉरफरिन, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, क्लोपिडोग्रेल आणि साधी इकोस्प्रिन यांचा असर उतरवायची पद्धत वेगवेगळी आहे. पेसमेकर असेल तर त्याचं कार्डही सोबत लागतं, कारण ते पाहिल्याशिवाय एमआरआयवाले पेशंटला आत घेणार नाहीत.

दुसरं काम हॉस्पिटल ठरवण्याचं. रात्री दोन वाजताही सीटी, एमआरआय आणि मणक्याचं ऑपरेशन करणारा सर्जन, तिन्ही एका छताखाली कुठे मिळतात हे आधीच फोन करून विचारा. तालुक्याच्या गावी सीटी असतं, पण एमआरआय बाहेरच्या सेंटरवर आणि तेही संध्याकाळपर्यंतच, ही नेहमीची अडचण आहे. ती मध्यरात्री कळू नये.

तपासा: चिठ्ठीवरची गोळी आणि डब्यातली गोळी एकच आहे ना? डॉक्टरांनी गोळी बदलून महिने झालेले असतात आणि चिठ्ठी जुनीच असते.

## २. त्रास सुरू झाला: दोन वेळा लिहून घ्या

लकव्यात एकच वेळ विचारतात, माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला. इथे दोन हव्यात: दुखणं कधी सुरू झालं आणि ताकद कधी गेली.

समजा, सकाळी सव्वासहाला काका अंथरुणातून उठताना मानेत आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध जबरदस्त कळ आली. ‘कुणी सुरी खुपसल्यासारखं झालं,’ म्हणाले. काकूंनी बाम चोळला, उसण भरली असेल म्हणून गरम पाण्याची पिशवी दिली. सातच्या सुमाराला उजव्या हातातून चहाचा कप सुटला. साडेसातला संडासकडे जाताना उजवा पाय फरफटू लागला. पावणेआठला मुलगा आला आणि त्याला दिसला तो फक्त लुळा पडलेला हातपाय. त्यानं हॉस्पिटलात सांगितलं, ‘साडेसातला पॅरालिसिस झाला.’ सव्वासहाची कळ काकूंबरोबर घरीच राहिली.

या आजारातला सर्वांत मोलाचा धागा हाच: आधी दुखणं, मग काही मिनिटांनी किंवा तासांनी कमजोरी. मेंदूचा झटका बहुतेक वेळा न दुखता येतो. दुखणं मानेत, खांद्यांच्या मधे किंवा पाठीत अचानक उठतं. ते हाताकडे उतरू शकतं आणि मान हलवली की वाढतं. थोड्या जणांना दुखतही नाही, त्यामुळे दुखलं नाही म्हणून शंका सोडू नका.

म्हणून पहिल्यापासून जवळ असलेल्या माणसाला गाडीत बसवा. हिंडण्याफिरण्यात तरबेज मुलगा मागून आला तरी चालेल.

## ३. दोन मिनिटांची पाहणी

गाडी येईपर्यंत किंवा गाडीत बसल्यावर एवढं पाहून घ्या. यासाठी निघायला एक मिनिटही उशीर करू नका.

चेहरा. हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं जातंय का? चेहऱ्याच्या नसा मानेच्या वर, मेंदूच्या देठातून निघतात, त्यामुळे मानेतल्या रक्तस्रावानं तोंड वाकडं होत नाही. इथे दोन फसव्या गोष्टी आहेत. कवळी काढलेली असली की तोंड तिरकं दिसतं. आधी कसं दिसत होतं ते जुन्या फोटोत पाहा. दुसरी गोष्ट पापणीची. मानेतल्या दाबानं कधी कधी त्या बाजूची पापणी थोडी उतरते आणि बाहुली लहान होते. ‘डोळा बारीक झालाय’ आणि ‘तोंड वाकडं झालंय’ यांत फरक आहे. दिसलं ते जसंच्या तसं सांगा.

बोलणं. एखादं सोपं वाक्य म्हणायला लावा. जीभ जड झाली, शब्द सापडेनात, आपण बोललेलं कळेना, तर मेंदूकडे बोट जातं. मणक्याच्या रक्तस्रावात माणूस घाबरलेला असतो, कण्हत असतो, पण नीट बोलतो.

हात-पाय. दोन्ही बाजू पाहा. लुळ्या बाजूकडे सगळे बघतात आणि ‘चांगला’ पाय तासाभरात जड झालेला कुणाच्या लक्षात येत नाही.

गार-गरम. स्टीलचा गार पेला दोन्ही हातांना आणि पायांना लावा. मज्जारज्जू एकाच बाजूनं दाबला गेला असेल तर कधी कधी चमत्कारिक चित्र दिसतं: ताकद उजवीकडची गेलेली आणि गार स्पर्श कळत नाही तो डावीकडे. दुखण्या-तापण्याची जाणीव वाहणाऱ्या नसा मज्जारज्जूतच बाजू बदलतात, म्हणून असं होतं. मेंदूच्या नेहमीच्या झटक्यात ताकद आणि जाणीव एकाच बाजूची जाते. पेल्यानं काही स्पष्ट कळलं नाही तर सोडून द्या, मागे लागू नका.

लघवी. शेवटची केव्हा झाली? लागल्यासारखी वाटते पण होत नाही, असं आहे का?

साखर. घरी ग्लुकोमीटर असेल तर बघा. साखर फार उतरली तरीही एक बाजू लुळी पडू शकते.

सावधान: चेहरा सरळ आहे, बोलणं नीट आहे, म्हणून ‘नस दबली असेल, उद्या ऑर्थोपेडिककडे दाखवू’ असं ठरवू नका. या आजारात सर्वांत महाग पडणारा उशीर इथेच होतो.

## ४. निघताना काय करायचं नाही

१०८ ला फोन करा. आडवं झोपवून न्या. वळवायचं झालं तर मान, पाठ, कंबर एकदम एका रेषेत वळवा, त्यासाठी दोघंतिघं लागतात. दुचाकीवर दोघांच्या मधे बसवून नेणं वेळ वाचवणारं वाटतं, पण लोंबकळणारी मान आणि खड्डे यांचा विचार करा.

आता चुका. जवळपास रोज दिसणाऱ्या आहेत.

- अ‍ॅस्पिरिन चारणं. ‘अटॅकमध्ये देतात’ म्हणून इकोस्प्रिन चघळायला दिली जाते. ती हृदयविकाराची गोष्ट. हातपाय गळाल्यावर सीटी होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन देऊ नका, मग कारण मेंदूत असो की मानेत.
- बीपीची गोळी जिभेखाली. अशा वेळी बीपी वाढलेलं दिसणारच. ते एकदम पाडलं तर मेंदूला आणि दाबल्या गेलेल्या मज्जारज्जूलाही रक्त कमी पडतं. बीपी हॉस्पिटलात बघतील.
- मान चोळणं, झटका देऊन मोकळी करणं. सलूनमध्ये मान कडकन मोडून घ्यायची सवय असलेले लोक हा उपाय हमखास सुचवतात. नको.
- लकव्याचं गावठी औषध. कबुतराच्या रक्ताची मालिश, अमक्या गावचा काढा, तमक्याचं इंजेक्शन. कुठल्याही लकव्यात यानं वेळ जातो. इथे गेलेला वेळ परत मिळवता येत नाही, कारण दाबलेला मज्जारज्जू तासातासाला हातातून जात असतो.
- पाणी, चहा, ज्यूस. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेतही जाऊ शकतं. साखर उतरलेली दिसली आणि माणूस नीट गिळतोय, एवढाच अपवाद.

रक्त पातळ करायची पुढची गोळी द्यायची वेळ झाली असेल तर ती हॉस्पिटलला विचारल्याशिवाय देऊ नका.

## ५. कॅज्युअल्टीत बोलायचं कसं

‘डॉक्टर, पॅरालिसिसचा पेशंट आहे.’ या वाक्यानं स्ट्रोकची, म्हणजे मेंदूच्या झटक्याची, यंत्रणा धावू लागते. ते चांगलंच आहे, पण ती एकाच दिशेनं धावते. त्याऐवजी काय झालं ते क्रमानं सांगा:

‘सव्वासहाला मानेत अचानक खूप जोरात कळ आली. सातला उजवा हात गळाला, साडेसातला उजवा पाय. तोंड वाकडं नाही, बोलतायत नीट. झडपेसाठी अ‍ॅसिट्रॉम चालू आहे, शेवटची काल संध्याकाळी घेतली. सकाळपासून लघवी झालेली नाही.’

वीस सेकंदांत सांगून होतं. यात तुम्ही निदान सांगत नाही, इंटरनेटवर वाचलेलंही काही सांगत नाही. डॉक्टर चिडणार नाहीत, उलट कान टवकारतील. मग चिठ्ठी हातात द्या.

हे वाक्य एकदाच सांगून थांबू नका. केस पेपर लिहिणाऱ्याला, सीटीच्या आधी भेटणाऱ्या डॉक्टरला आणि फोनवरून निर्णय घेणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टला निरोप देणाऱ्यालाही सांगा. शिफ्ट बदलताना पहिल्या ओळी गळतात आणि ‘उजव्या बाजूची कमजोरी, स्ट्रोक’ तेवढं पुढं जातं.

तपासा: केस पेपरवर ‘मानदुखी’ किंवा ‘पाठदुखी’ लिहिलंय का? नसेल तर लिहायला सांगा. भीड धरू नका.

दुखण्याचा उल्लेख दुहेरी उपयोगाचा आहे. मानेतली धमनी आतून फाटली तरी आधी मान दुखते आणि मग मेंदूचा खराखुरा झटका येतो. छातीतली महाधमनी फाटली तर खांद्यांच्या मधे कळ येऊन हातपाय गळू शकतात. तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत आणि ते दुखणं सांगितल्यावरच उलगडतात. म्हणूनच ‘मान दुखली म्हणजे मणक्यातलंच’ असा हट्टही घरच्यांनी धरू नये.

## ६. ‘सीटी नॉर्मल’ आल्यानंतरची दहा मिनिटं

सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो, म्हणून थोडं सावकाश वाचा.

मेंदूचा साधा सीटी प्रामुख्याने मेंदूत रक्तस्राव आहे का हे पाहायला काढतात. गुठळीचा झटका ताजा असेल तर तो सीटी बहुधा नॉर्मलच येतो. मग हिशेब असा मांडला जातो: हातपाय गळाले, सीटीत रक्त नाही, म्हणजे गुठळी आहे, साडेचार तास उलटलेले नाहीत, इंजेक्शन द्या. लकव्याच्या बहुसंख्य पेशंटमध्ये हा हिशेब बरोबर आहे आणि तो झपाट्यानं करणंही बरोबर आहे. पण मणक्यातल्या रक्तस्रावातही मेंदूचा सीटी नॉर्मलच येणार. रक्त आहे खाली मानेत, आणि फोटो काढलाय डोक्याचा.

बरेच ठिकाणी सीटीबरोबर मेंदूच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ करतात. त्यात मान येते. मणक्याच्या नळीत मागच्या बाजूला साचलेलं रक्त त्यात दिसू शकतं, पण बघणाऱ्याचं लक्ष धमन्यांकडे असतं. म्हणून अँजिओ झाला असेल तर ‘मानेच्या मणक्याची नळीही बघितलीत का?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे.

इंजेक्शनच्या संमतिपत्रावर सही करताना एवढंच विचारा:

‘डॉक्टर, आधी मानेत कळ आली होती आणि तोंड वाकडं नाही. मणक्यातल्या रक्तस्रावाची शक्यता बघितली ना?’

डॉक्टर म्हणाले, ‘हो, बघितली, हा मेंदूचाच झटका आहे,’ तर सही करा आणि बाजूला व्हा. या लेखाचा आधार घेऊन खऱ्या स्ट्रोकच्या पेशंटचं इंजेक्शन अडवू नका. तिथे मिनिटामिनिटाला मेंदूच्या पेशी मरत असतात. आयएनआर १.७ च्या वर असेल किंवा नव्या प्रकारची रक्त पातळ करायची गोळी नुकतीच पोटात गेली असेल तर बहुतेक वेळा हे इंजेक्शन तसंही देत नाहीत. गोळीचं नाव आधी सांगायचं ते म्हणूनच.

सावधान: इंजेक्शन दिल्यावर मान किंवा पाठ जास्त दुखू लागली, दुसरी बाजूही जड झाली किंवा छातीखाली बधिर वाटू लागलं, तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनांपैकी अल्टेप्लेसचा थोडा भाग एकदम देऊन उरलेला तासभर सलाईनसारखा चालतो, तो थांबवता येतो. टेनेक्टेप्लेस एकदमच दिलं जातं, तिथे थांबवायला काही उरत नाही. मग रक्त गोठवणारे घटक देऊन असर उलटवावा लागतो.

## ७. एमआरआय: कुठला भाग, ते विचारा

निदान पक्कं होतं ते एमआरआयवर. पण तो मणक्याचा हवा. ‘एमआरआय केला, नॉर्मल आहे’ असं सांगितलं जातं तेव्हा तो मेंदूचा असतो. मानेचा आणि पाठीचा वरचा भाग त्यात आलाच पाहिजे. दुखणं खाली असेल तर तिथलाही. रक्ताची रेघ कधी कधी पाचसहा मणके ओलांडून पसरलेली असते, त्यामुळे एवढासा तुकडा पाहून भागत नाही.

पेशंट दुखण्यानं स्थिर झोपू शकत नाही, ही प्रत्यक्षातली अडचण. वेदनाशामक आधी मागून घ्या. मशीनमध्ये नेण्याआधी पेसमेकरचं कार्ड दाखवा. झडप बदललेली असेल तर तेही सांगा. आजच्या बहुतेक कृत्रिम झडपांना एमआरआय चालतो, पण विचारतील तेव्हा कागद हाताशी असावा.

एमआरआय दुसऱ्या गावी करावा लागणार असेल तर पेशंटला नुसत्या एमआरआयसाठी पाठवू नका. जिथे मशीन आणि सर्जन दोन्ही आहेत तिथेच हलवा, नाहीतर रिपोर्ट हातात घेऊन पुन्हा प्रवास सुरू होतो.

## ८. निदान झालं: आता दोन कामं एकाच वेळी

एक, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा असर उतरवणं. वॉरफरिन आणि अ‍ॅसिट्रॉमसाठी व्हिटॅमिन के आणि त्याच्या जोडीला गोठवणाऱ्या घटकांचं कॉन्सन्ट्रेट किंवा प्लाझ्मा देतात. नुसत्या व्हिटॅमिन केला असर दाखवायला काही तास लागतात. हेपरिनला प्रोटामिन, डॅबिगॅट्रानला इडारुसिझुमॅब. प्लाझ्मा आणायला ब्लड बँकेत कुणाला पाठवायचं, ते आधीच ठरवा.

दोन, दाब मोकळा करणं. मणक्याची मागची कमान काढून साचलेलं रक्त बाहेर काढतात. ऑपरेशनआधी किती ताकद शिल्लक आहे आणि त्रास सुरू झाल्यापासून किती तासांत ऑपरेशन झालं, यावर पुढचं बरंचसं ठरतं. पहिल्या बारा तासांत केलेल्यांचे निकाल उशिरा केलेल्यांपेक्षा चांगले असतात, आणि त्याहून लवकर झालं तर उत्तमच. ‘सकाळी मोठे डॉक्टर येतील तेव्हा ठरवू’ हे इथे परवडत नाही.

ऑपरेशन सगळ्यांनाच लागत नाही. कधी रक्त नळीत पसरतं, दाब कमी होतो आणि हातपाय आपोआप सुधारायला लागतात. मग डॉक्टर थांबून लक्ष ठेवतात. यातला सापळा ओळखा: निदान होण्याआधीच ताकद परतली तर ‘छोटा अटॅक होता, गेला’ म्हणून घरी सोडतात, आणि वर अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची जोडगोळी लिहून देतात. मानेत कळ येऊन गळालेला हातपाय तासाभरात सुधारला, तरी मणक्याचा एमआरआय झाल्याशिवाय घरी येऊ नका.

खर्चाचं ज्यांना बघायचंय त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला भरती होतानाच भेटावं. रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा.

## ९. वॉर्डातले दिवस आणि सुट्टीचा कागद

लघवी तुंबत असेल तर नळी घालतात. ती काढल्यावर नीट होते का, मागे किती राहते, हे विचारत राहा. दर दोन तासांनी कूस बदला. ज्या भागाला स्पर्श कळत नाही तिथे जखम झाली तरी पेशंट सांगणार नाही. गरम पाण्याची पिशवी बधिर पायाजवळ अजिबात नको. फिजिओथेरपी डॉक्टर म्हणतील त्या दिवसापासून सुरू करा.

रक्त पातळ करायची गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची, हा अवघड प्रश्न आहे. झडप असलेल्या माणसाची गोळी फार दिवस बंद ठेवली तर झडपेवर गुठळी होते, आणि लवकर सुरू केली तर पुन्हा रक्त साचू शकतं. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी मिळून तारीख ठरवायची आणि ती कागदावर यायला हवी. घरच्यांनी आपल्या मनानं ना बंद करायची, ना सुरू.

सुट्टीचा कागद घेताना निदानाची ओळ स्वतः वाचा. भरतीच्या वेळी घाईत लिहिलेलं ‘स्ट्रोक’ शेवटपर्यंत तसंच उतरत आलेलं असू शकतं. तो शब्द राहिला तर पुढच्या वेळी ताप-खोकल्यासाठी गेलात तरी ‘जुना पॅरालिसिस आहे ना, मग अ‍ॅस्पिरिन का बंद?’ असं म्हणून कुणीतरी ती पुन्हा लिहून देईल. मणक्यातला रक्तस्राव, कुठल्या मणक्यांपासून कुठपर्यंत, कोणती गोळी चालू असताना झाला आणि ऑपरेशन कोणत्या तारखेला झालं, एवढं त्यावर असल्याशिवाय कागद खिशात घालू नका.